रिस्क-व्हीचा कंपायलर आणि एम्युलेटर सांभाळताय? या चुका टाळा

आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर रिस्क-व्ही या खुल्या सूचनासंचावर (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांच्या यादीवर) उभे आहेत. आपल्या पवईत, आयआयटी मुंबईत घडलेला अजित मात्र स्पार्क-व्ही८ या वेगळ्या सूचनासंचावर चालतो. चिप कुठलीही असो, प्रोग्रॅममधून तिच्यासाठी नीट कोड काढणारा कंपायलर आणि तो कोड चालवून बघायला, चिपची नक्कल करणारा भरवशाचा एम्युलेटर नसेल, तर ती चिप कपाटातच राहते. हे काम जीसीसी, एलएलव्हीएम (दोन्ही कंपायलर), क्यूईएमयू (एम्युलेटर) अशा खुल्या प्रकल्पांत चालतं. मुंबईत ऑफिस सुटल्यावर किंवा शनिवार-रविवारी त्यात हातभार लावणारी मुलं-मुली आता भेटू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्या अडचणी ऐकताना मात्र त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात.

बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. कंपायलर बरोबर आहे कशावरून, तर त्याचा प्रोग्रॅम एम्युलेटरवर चालला. आणि एम्युलेटर बरोबर कशावरून, तर कंपायलरने काढलेला प्रोग्रॅम त्यावर चालला. दोघांनी एकमेकांची साक्ष काढली आणि आपण टेस्ट पास झाली म्हणून खूश.

भागाकाराची टेस्ट सीमध्ये लिहिणं

रिस्क-व्हीमध्ये पूर्णांकाला शून्याने भागलं तर ट्रॅप (प्रोग्रॅम मध्येच थांबवणारा व्यत्यय) येत नाही. भागाकार म्हणून सगळे बिट एक, म्हणजे चिन्हासह वाचलं तर उणे एक मिळतो, आणि बाकी म्हणून मूळ भाज्यच परत येतो. सर्वांत लहान ऋण संख्येला उणे एकने भागलं तर उत्तर तीच संख्या आणि बाकी शून्य. या संचात बाकीच्या पूर्णांक अंकगणितावरही ट्रॅप नाही, म्हणून भागाकाराचाही ठेवला नाही. ज्या भाषेला तपासणी हवी, तिने एक ब्रांच (अट तपासून दुसरीकडे जाणारी सूचना) घालावी असा हा हिशेब आहे. अजितवर काम करून इकडे आलेल्यांनी इथे जरा जास्त सावध राहावं, कारण स्पार्क-व्ही८ शून्याच्या भागाकारावर ट्रॅप देतो.

आता नवशिक्या एम्युलेटरमध्ये ही भागाकाराची सूचना कशी लिहिलेली असते? दोन रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या साठवणुकीच्या छोट्या जागा) घेतली, सीचं भागाकाराचं चिन्ह वापरलं, संपलं. इंटेलच्या लॅपटॉपवर या दोन्ही प्रसंगी एम्युलेटर स्वतःच कोसळतो, कारण तिथला प्रोसेसर अपवाद उठवतो. क्यूईएमयूचा स्रोत उघडून बघा, भागाकारापूर्वी हे दोन्ही प्रसंग वेगळे काढलेले दिसतील.

मग टेस्टमध्ये हे सापडत का नाही? कारण टेस्ट सीमध्ये लिहिलेली असते. सीच्या नियमाप्रमाणे शून्याने भागणं अनिश्चित वर्तनात मोडतं, त्यामुळे कंपायलर तिथे काहीही करू शकतो. आणि साधे स्थिरांक दिले असतील तर तो कंपाइल होतानाच उत्तर काढून मोकळा होतो. भागाकाराची सूचना बायनरीत (तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये) उतरतच नाही, टेस्ट हिरवी होते आणि एम्युलेटरमधली ती ओळ एकदाही चाललेली नसते. अशा टेस्ट असेंब्लीतच (एकेक सूचना हाताने लिहायच्या भाषेत) लिहा, आणि आपल्याला हवी ती सूचना खरंच आत आहे का, हे ऑब्जडंप (बायनरीतल्या सूचना दाखवणारं साधन) वापरून डोळ्यांनी बघा.

हीच गत दशांश संख्यांची. ६४ बिटी फ्लोट रजिस्टरमध्ये ३२ बिटांची संख्या ठेवताना वरचे ३२ बिट सगळे एक असावे लागतात. तसे नसतील तर ३२ बिटी सूचनेने ती संख्या ठरावीक नॅन ('ही संख्याच नाही' अशी खूण) समजायची असते. कंपायलर नेहमी नीटनेटकी भरलेली रजिस्टरंच देतो, म्हणून एम्युलेटरने ही तपासणी पार गाळली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आधी ६४ बिटांचं लोड आणि लगेच ३२ बिटांची बेरीज अशा दोन ओळी असेंब्लीत लिहिल्या की चूक पकडली जाते.

म्हणून तिसरा साक्षीदार हवाच. सेल भाषेत लिहिलेलं रिस्क-व्हीचं अधिकृत मॉडेल आहे, स्पाइक हा संदर्भासाठीचा सिम्युलेटर आहे, आर्किटेक्चर टेस्टचा संच आहे. एकच बायनरी स्पाइकवर आणि आपल्या एम्युलेटरवर चालवा, दोन्हीकडून प्रत्येक सूचनेनंतरच्या रजिस्टरांची नोंद काढा आणि जिथे पहिली ओळ वेगळी पडते तिथे थांबा. त्याच्या पुढचा फरक बघण्यात वेळ घालवू नका, तो पहिल्याचाच परिणाम असतो.

क्यूईएमयूवर चाललं म्हणजे बोर्डावर चालणार असं धरून चालणं

लॅमिंग्टन रोडवरून सीरियल केबल आणली, बोर्ड जोडला आणि क्यूईएमयूवर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम इथे मध्येच गप्प झाला, ही तक्रार फार येते. दोष बहुधा बोर्डाचा नसतो. क्यूईएमयू बऱ्याच बाबतींत खऱ्या हार्डवेअरपेक्षा मवाळ असतो.

फेन्स-आय ही सूचना घ्या. मेमरीत नवी सूचना लिहिली की ती चालवण्याआधी फेन्स-आय द्यावी लागते, नाहीतर प्रोसेसर जुनीच सूचना उचलू शकतो. क्यूईएमयू मात्र कोडच्या पानावर झालेलं लेखन स्वतःच ओळखतो आणि त्या सूचनांचं आपल्या यंत्राच्या सूचनांत केलेलं भाषांतर टाकून देतो. त्याच्या दृष्टीने फेन्स-आय म्हणजे चालू भाषांतराचा तुकडा तिथे संपवणं, इतकंच. त्यामुळे जिट कंपायलरमध्ये (प्रोग्रॅम चालू असतानाच कोड काढणाऱ्यात) ती सूचना राहून गेली तरी एम्युलेटरवर काही बिघडत नाही.

न जुळलेल्या (डेटाच्या आकाराच्या पटीत नसलेल्या) पत्त्यावरून वाचन केलं तरी क्यूईएमयू ते सुखाने पूर्ण करतो. खऱ्या कोअरवर ट्रॅप येऊ शकतो. खाली ओपनएसबीआयसारखं फर्मवेअर (बोर्डावरचा तळातला प्रोग्रॅम) असेल तर काम होईल पण फार हळू, आणि बेअर-मेटल, म्हणजे खाली काहीच नसेल, तर सगळं तिथेच थांबेल. मेमरीतल्या वाचन-लेखनाच्या क्रमाचंही तसंच. रिस्क-व्हीचा नियम सैल आहे, इंटेलचा कडक. इंटेलच्या यंत्रावर एम्युलेटर चालवलात तर विसरलेला फेन्स (क्रम राखायला लावणारी सूचना) महिनोन्महिने लपून राहू शकतो. आणि एक विनंती: क्यूईएमयूवरच्या वेळा मोजून 'माझ्या बदलाने कोड वेगवान झाला' असं सांगू नका. तो घड्याळाच्या ठोक्यांची नक्कल करत नाही.

बिल्ड अचानक मोडला की कोडमध्ये चूक शोधत बसणं

कालपर्यंत बिल्ड होत होता, आज असेंब्लर म्हणतो सीएसआरआर (कंट्रोल रजिस्टर वाचणारी) ही सूचना ओळखता येत नाही, झिसीएसआर हे एक्स्टेन्शन (सूचनांचा जोड-संच) हवं. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे साधनांचा संच) २.३८ आल्यावर हे खूप जणांना भोवलं, लिनक्स कर्नलचे बिल्डही त्यातून सुटले नाहीत. झालं असं की कंट्रोल रजिस्टरांच्या सूचना आणि फेन्स-आय हे दोन्ही मूळ संचातून काढून स्वतंत्र एक्स्टेन्शन केले गेले होते, आणि २.३८ ने ती नवी आवृत्ती आपोआप धरायला सुरुवात केली. उपाय म्हणजे आर्किटेक्चरच्या पर्यायात झिसीएसआर आणि झिफेन्सआय ही नावं जोडायची. पण जुन्या जीसीसीला ही नावं कळत नाहीत, तेव्हा मेकफाइलमध्ये आधी चाचपणी करून मगच जोडा. डोळे झाकून जोडलंत तर जुन्या डिस्ट्रोवाल्यांचा बिल्ड मोडेल.

व्हेक्टर (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणारं एक्स्टेन्शन) याबाबतही आवृत्तीचाच घोळ आहे. सी९०६ सारख्या कोअरमध्ये ०.७.१ ही मसुदा आवृत्ती आहे, तर मंजूर झालेली १.० तिच्याशी जुळत नाही. बोर्डाच्या खोक्यावर 'व्हेक्टर' छापलंय म्हणून पर्यायात नुसतं व्ही लिहू नका.

स्टार्टअपच्या दोन ओळी

बेअर-मेटल लिहिताना जीपी रजिस्टर (ग्लोबल व्हेरिएबलांचा आधारपत्ता ठेवणारं) भरायची ओळ रिलॅक्सेशन (लिंकरचं आपोआप होणारं सुलभीकरण) बंद करून लिहावी लागते. ते विसरलं तर लिंकर (तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणारं साधन) त्या ओळीचंही 'सुलभीकरण' करतो आणि जीपीत जीपीच भरली जाते. चूक कुठेच दिसत नाही, फक्त ग्लोबल व्हेरिएबलमध्ये कचरा येतो.

दुसरं, क्यूईएमयूच्या व्हर्ट या काल्पनिक बोर्डाची रॅम हेक्स ८००००००० वर सुरू होते, म्हणजे बरोबर २ जीबीवर. ६४ बिटी मेडलो मॉडेलची (कोड कुठल्या पत्त्यांपर्यंत पोचेल हे ठरवणाऱ्या पर्यायाची) धाव शून्यापासून २ जीबीच्या आतच संपते. लिंकर 'रिलोकेशन मावत नाही' असं ओरडला तर लिंकर स्क्रिप्टशी झटापट करू नका, मेडएनी हे मॉडेल लावा.

जाता जाता: रिस्क-व्हीवर सीमधला साधा कॅर (एक अक्षर ठेवणारा प्रकार) अनसाइन्ड, म्हणजे ऋण न होणारा असतो. गेटकॅरचं (एक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनचं) उत्तर त्यात साठवून ईओएफशी (मजकूर संपल्याच्या ऋण खुणेशी) तुलना केलीत तर लूप थांबणारच नाही. इंटेलवर हाच कोड बहुधा थांबतो, म्हणून दोष कंपायलरवर येतो आणि त्याची तक्रारही नोंदवली जाते.

बदल स्वतःच्याच फोर्कमध्ये जपून ठेवणं

ही चूक तांत्रिक नाही, पण सर्वांत महाग पडते. प्रोजेक्ट संपतो, फोर्क (प्रकल्पाची आपली वेगळी प्रत) तसाच राहतो, आणि दोन आवृत्त्यांनंतर पॅच (बदलांची फाइल) लागूच होत नाही. सांभाळणारं कुणी उरलं नाही तर मुख्य प्रवाहातला आधारही जातो. निओस-२ या प्रोसेसरचं उदाहरण ताजं आहे: जीसीसी १४ ने त्याला कालबाह्य ठरवलं आणि २०२५ च्या जीसीसी १५ मधून ते काढूनच टाकलं. तेव्हा बदल लहान तुकड्यांत, प्रत्येकाबरोबर त्याची टेस्ट जोडून वर पाठवा. क्यूईएमयूला पाठवण्याआधी पॅचखाली साइन्ड-ऑफ ओळ (हा बदल देण्याचा हक्क आपल्याला आहे असं सांगणारी) घाला आणि चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवा. मेंटेनर्स फाइलमध्ये त्या भागाचं नाव कुणाचं आहे ते बघून त्यांना प्रत द्या. पंधरा दिवस उत्तर आलं नाही तर नम्रपणे आठवण करायला काहीच हरकत नाही. ती माणसंही बरीचशी आपल्यासारखीच नोकरी सांभाळून हे करतात.

रिस्क-व्हीच्या पूर्ण टूलचेनचा (कंपायलर, असेंब्लर वगैरे साधनांचा) क्लोन साडेसहा जीबीच्या आसपास जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो सुरू करू नका. फक्त जीसीसी किंवा बिनयुटिल्सवर काम असेल तर तेवढंच रिपॉझिटरी घ्या. पण अगदी उथळ (इतिहास कापलेला) क्लोन घेतलात तर बायसेक्ट (कुठल्या बदलाने बिघडलं ते इतिहासात शोधणं) करता येणार नाही. त्याऐवजी इतिहास पूर्ण ठेवून फाइलींचा मजकूर लागेल तसा उतरवणारा ब्लॉब फिल्टर लावा.

बग नोंदवताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. सी-व्हाइज (नमुना आपोआप छोटा करणारं साधन) वापरून नमुना दहा-पंधरा ओळींवर आणा, कंपायलरच्या व्हर्बोज पर्यायाचं सगळं आउटपुट जोडा, आर्किटेक्चर आणि एबीआयचे (फंक्शनांनी एकमेकांना डेटा कसा द्यायचा त्या नियमांचे) पर्याय जसेच्या तसे द्या, आणि बायसेक्टमध्ये सापडलेला पहिला बिघडलेला कमिट लिहा. स्पाइकने काय उत्तर दिलं आणि स्पेसिफिकेशनच्या कुठल्या आवृत्तीत कुठे तसं म्हटलंय, हेही त्याच नोंदीत टाका.