ओव्हनच्या पंख्याची मोटर बदलताय? आधी या चुका टाळा

"पंखा फिरत नाही, मोटर गेलीय. नवीन आणून ठेवलीय, तुम्ही फक्त बसवून द्या." फोनवर हे ऐकलं की मी आधी एकच विचारतो, मोटर गेली हे ठरवलं कुणी? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "मीटर लावून बघितलं ना, बीपच वाजत नाही."

या बीपच्या नादाने किती धडधाकट मोटरी भंगारात गेल्या असतील, देव जाणे.

बझरवर मोटर तपासणे

मल्टिमीटरचा बझर असतो तो वायर सलग आहे की तुटली, एवढंच बघायला. बहुतेक मीटरमध्ये रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण ३० ते ५० ओहमच्या आत असेल तरच तो वाजतो. ओव्हनची मोटर म्हणजे छोटी शेडेड पोल मोटर, लोखंडी गाभ्यावर तांब्याची जाड कडी घातलेली साधी मोटर, आणि आत बारीक तांब्याच्या तारेचे वेढ्यांवर वेढे. २३० व्होल्टच्या मोटरचा रेझिस्टन्स सहज या मर्यादेच्या वर जातो, कधी शंभरीही ओलांडतो. मग बझर गप्प बसणार नाही तर काय करणार?

एका गृहस्थांकडे गेलो तर टेबलावर ओळीने तीन मोटरी मांडलेल्या. पहिली ओव्हनमधून काढलेली, दुसरी नवीन आणलेली, तिसरी त्या नवीनवर शंका आली म्हणून आणखी आणलेली. "तिन्ही बंद आहेत हो, हल्ली मालच असा येतो," असं त्यांनी खात्रीने सांगितलं. मी मीटरची फिरती कळ बझरवरून २०० ओहमवर आणला आणि एकेक लावत गेलो. ८४, ८६, ८५. तिन्ही ठणठणीत. गृहस्थ माझ्याकडे बघतात, मी मीटरकडे. बिघाड निघाला सिलेक्टर स्विचजवळच्या एका लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडामध्ये. सैल राहून तापला होता आणि काळा पडून ठिसूळ झाला होता. लग कापून नवीन लावला, जुनीच मोटर परत बसवली.

तेव्हा मीटरची कळ ओहमवर ठेवा. २०० च्या रेंजवर डावीकडे नुसता '१' दिसला, म्हणजे आकडा रेंजच्या बाहेर गेला, तर मोटर मेली असं लगेच ठरवू नका, २००० ची रेंज लावून बघा. तिथेही नुसता '१'च असेल तर वायंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेढे, तुटलंय म्हणा.

याच्याच उलट चूक म्हणजे वायरी न काढता मोजणे. बऱ्याच ओव्हनमध्ये पंख्याभोवतीचं तापणारं गोल एलिमेंट मोटरला समांतर जोडलेलं असतं. २००० वॉटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स २३० व्होल्टच्या हिशेबाने जेमतेम २६ ओहम. म्हणजे मोटर आतून तुटलेली असली तरी मीटर एलिमेंट मोजतो, बझर आनंदाने वाजतो आणि तुम्ही म्हणता मोटर चांगली आहे. निदान एक तरी वायर काढून मगच मोजा. मी दोन्ही काढतो. एक मिनिट जास्त लागतं, लागू दे.

हाताशी मीटर आहेच तर दोन्ही टर्मिनल आळीपाळीने मोटरच्या लोखंडी अंगाशीही तपासा. तिथे त्या '१' शिवाय काहीच दिसता कामा नये. मात्र मीटर लावतो तो विजेचा दाब अगदीच कमी असतो, त्यामुळे कच्चं इन्सुलेशन त्याच्या नजरेतून सुटू शकतं. मीटर म्हणतोय सगळं ठीक, पण पंखा सुरू करताच आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतोय, अशा वेळी मी आरसीसीबीवर विश्वास ठेवतो.

कपॅसिटर शोधणे

छतावरच्या पंख्याला सुरू व्हायला मदत करणारा छोटा डबा असतो ना, कपॅसिटर, तो या मोटरला नसतो. ते ज्ञान इथे चालत नाही.

भलत्याच पंख्याची मोटर आणणे

ओव्हनमध्ये बऱ्याचदा दोन पंखे असतात. एक आत, मागच्या जाळीआड, गरम हवा फिरवणारा. दुसरा वर, पत्र्याखाली, बाहेरचं अंग आणि इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवणारा. ओव्हन बंद केल्यावरही जो घरघरत राहतो तो हा दुसरा, आणि त्याने तसं घरघरत राहणं हा बिघाड नव्हे. बंद कुठला आहे ते आधी बघा, मग मोटर आणा.

तेल फवारून काम भागवणे

प्लग काढा, ओव्हन थंड होऊ द्या, मागची जाळी काढा आणि पातं बोटाने फिरवा. मोकळं फिरून हळूहळू थांबलं तर बुश, म्हणजे शाफ्टला (मोटरच्या फिरत्या दांड्याला) धरणारी नळी, ठीक. जड लागलं, मध्येच अडकलं किंवा शाफ्ट बाजूला हलला तर मोटर खरंच थकलीय. शेडेड पोल मोटरला सुरुवातीचा जोर फार कमी असतो. बुशमधलं तेल घट्ट झालं तरी ती नुसती गुणगुणते आणि जागची हलत नाही. अशा वेळी कुणीतरी गंज सोडवायचा स्प्रे मारतो, पंखा फिरतो, घरभर कौतुक होतं. तो स्प्रे म्हणजे त्या तापमानाला टिकणारं वंगण नव्हे. चार दिवसांनी उडून जातो, आधी वास आणि धूर, मग पुन्हा तीच गुणगुण. बुश गेला असेल तर मोटर बदला. आणि चालू ओव्हनमध्ये काडी घालून पात्याला ढकलणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

नटावर जोर काढणे

ही माझी दुखरी नस आहे. खूपशा ओव्हनमध्ये पात्याच्या नटाला उलटे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. पंखा सुरू होताना बसणाऱ्या झटक्याने नट सैल न पडता आवळला जावा, म्हणून ही सोय. ज्याला हे ठाऊक नाही तो नेहमीच्या सवयीने डावीकडे जोर काढतो आणि नट आणखी घट्ट करत बसतो.

माझ्याकडे एक शिकाऊ मुलगा होता. हात चांगला, पण धीर नावाची चीज नाही. आम्ही गेलो होतो पंखा खडखडतो अशा तक्रारीवर. मी वायरी बघत ओव्हनच्या मागच्या बाजूला, हा समोर. "काका, नट जाम आहे." थांब, म्हणालो. तो थांबला नाही. पात्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवला, पान्याला पाईप चढवला आणि दिला झटका. कट्ट असा आवाज झाला. पुढे येऊन बघतो तर नट पान्यात, नटात शाफ्टचं टोक आणि पात्याच्या दोन पाकळ्या वाकलेल्या. मोटर चांगली होती. खडखड येत होती मागच्या जाळीच्या एका सैल स्क्रूमुळे, आणि तो तर आम्ही जाळी काढतानाच काढून खिशात टाकला होता. नवी मोटर आणि पातं माझ्या पदरचं गेलं. पोराला बोललो, पण खरं सांगायचं तर नटाची दिशा त्याला आधी सांगायला हवी होती ती मीच.

तेव्हापासून पाना लावण्याआधी मी बॅटरी मारून नटाबाहेर डोकावणारे आटे बघतो. शाफ्ट उभा आहे असं समजून पाहा, आटे उजवीकडे वर चढत असतील तर सरळ, डावीकडे वर चढत असतील तर उलटे. काजळी आणि तेलकटपणाने दिसत नसतील तर जुन्या दात घासायच्या ब्रशने घासून घ्या. नट अडलाच तर गंज सोडवायचा स्प्रे इथे चालतो, पण थेंबभर, आणि दहा मिनिटं हात बांधून बसायचं. नंतर पुसून काढायचा, नाहीतर पहिल्याच वेळी धूर. पातं फडक्याने मधल्या भागाशी धरा, पाकळीला धरू नका. पाकळी किंचित वाकली तरी नवी मोटर पहिल्या दिवसापासून थरथरते, आणि मग शिव्या मोटरला.

बाकीच्या, पटापट

ओव्हनचा नॉब शून्यावर म्हणजे वीज बंद, असं नाही. प्लग काढा. प्लग नसेल तर एमसीबी पाडा आणि मीटर एसी व्होल्टवर लावून खात्री करा.

वायरींचा फोटो काढा. लक्षात राहील म्हणणाऱ्यांचं लक्षात राहत नाही.

मोटरी सगळ्या सारख्याच दिसतात, शाफ्टची लांबी मात्र वेगळी असते. पाच मिलिमीटरचा फरक पडला तरी पातं पत्र्याला घासतं. जुनी आणि नवी शेजारी ठेवून मापा, फिरण्याची दिशाही बघा. वायरी उलटसुलट जोडून दिशा बदलत नाही. ती ठरते पोलवरच्या तांब्याच्या जाड कड्यांवरून.

जळलेल्या वायरीच्या जागी साधी पीव्हीसी वायर आणि वर चिकटपट्टी, हे नको. तिथे उष्णता सोसणारी वायर आणि नीट दाबलेला लगच लागतो.

अर्थिंगची वायर परत लावा. 'राहिलेली एक हिरवी वायर' मी इतक्या ओव्हनच्या मागे लोंबकळताना पाहिलीय की आता आश्चर्यही वाटत नाही.

जाळी लावण्याआधी पातं हाताने पूर्ण फिरवा. जाळी लावल्याशिवाय वीज देऊ नका.

आणि नवी मोटर फिरतेय पण ओव्हन तापत नाही, म्हणून मोटरला दोष देऊ नका. पंखा बंद असताना ते गोल एलिमेंट स्वतःच्याच उष्णतेत तापत राहतं आणि थर्मल कट-आउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा छोटा स्विच, पडतो. काही कट-आउट बटण दाबून परत चालू करावे लागतात, काही थंड झाल्यावर आपोआप जुळतात, जळलेला असेल तर बदलावा लागतो. त्याच्या दोन टोकांना तार मारून ओव्हन 'चालू करून देणारे' मला भेटलेत. तसा ओव्हन समोर आला की आधी ती तार काढतो, मगच तक्रार ऐकतो.