बरगड्यांना आठ तास द्या

आमच्या आईच्या चुलीला वायल होतं, म्हणजे बाजूची जोडचूल. भाकरी मुख्य चुलीवर आणि डाळ-मटण वायलावर, तिथल्या मंद धगीवर. ती म्हणायची, "वायलार ठेव, घाय करू नको." पुढे मी २२ वर्षं मालवाहू जहाजांवर कुक होतो. अमेरिकेत ह्यूस्टनला, सव्हानाला बंदरात उतरलो की डुकराच्या बरगड्या खायला हमखास जायचो, आणि पहिला घास घेतला तेव्हा मला ते वायलच आठवलं. तिकडे लाकडाच्या धुरावर तासन् तास शेकतात. कॅन्सस सिटीच्या पद्धतीचा सॉस टोमॅटोचा, दाट आणि गोड. मेम्फिसला कोरडा मसाला चोळायची रीत. कॅरोलायनात व्हिनेगरची आंबट धार. वेंगुर्ल्याला आमच्या घरी धुराची भट्टी नाही, पण स्लो कुकर आहे, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं. धुराचा वास त्यात येत नाही, मऊपणा मात्र तोच येतो.

दीड किलो बरगडी घ्या, चार-पाच जणांना पुरते. आमच्याकडे रविवारी सकाळी ख्रिस्ती वाडीत डुक्कर कापतात, मी आदल्या दिवशीच सांगून ठेवतो. सांगायचं ते एवढंच: सत्तूर चालवू नका, सलग पट्टा द्या. सवयीने ते हाडांचे तुकडे करतात. मग रश्शात बारीक चुरा येतो आणि मांस सुटून नुसता लगदा होतो.

घरी आणल्यावर पट्टा उलटा करा. हाडांच्या बाजूला पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही, चामड्यासारखा राहतो आणि मसालाही आत जाऊ देत नाही. टोकाच्या हाडावर चमच्याचा दांडा खाली सरकवून तो उचला, कोरड्या फडक्याने घट्ट धरा आणि ओढा. ओल्या हातातून निसटतो, फडकं हवंच. माझ्या मते सगळ्या कृतीतलं सर्वात महत्त्वाचं काम हेच.

मसाला: दोन मोठे चमचे किसलेला गूळ, एक मोठा चमचा ब्याडगी मिरचीची पूड, दोन लहान चमचे मालवणी मसाला, एक लहान चमचा मिरी, सात-आठ पाकळ्या ठेचलेली लसूण आणि दीड लहान चमचा मीठ. मीठ मुद्दाम कमी, कारण पुढे सॉसमध्ये कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, येणार आणि ते खारट असतं. सगळं चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

सकाळी कुकरच्या तळाला दोन कांद्यांच्या जाड चकत्या पसरा. पट्ट्याचे दोन-तीन भाग करून ते उभे लावा, मांसाची बाजू भांड्याच्या भिंतीकडे. पाणी अर्धी वाटीच. स्लो कुकरमधून वाफ फारशी जात नाही, मांसाचंच पाणी सुटतं. जास्त ओतलंत तर बरगड्या उकडल्यासारख्या लागतात. कुकरच्या 'लो' म्हणजे मंद आचेवर सात ते आठ तास, 'हाय' म्हणजे मोठ्या आचेवर साधारण चार. मी लोच करतो. बरगडीतले चिवट पांढरे धागे, म्हणजे कोलॅजन, ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतात, आणि मांस ९० अंशांच्या आसपास पोचलं की खरं मऊ पडतं. शिट्टीच्या कुकरात मऊ पडायला वेळ लागत नाही, पण धागे पिळवटून कोरडे होतात, असा माझा अनुभव आहे.

झाकण उघडू नका. दर वेळी गेलेली धग परत यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, म्हणून ही एक गोष्ट मनावर घ्या: वीज गेली तर वाट बघत बसू नका, सगळं जाड बुडाच्या पातेल्यात काढून गॅसवर अगदी बारीक आचेवर झाकून शिजवा. तुम्ही बाहेर होता आणि वीज किती वेळ नव्हती हे कळत नसेल, तर मांस टाकून द्या. आणि गोठलेली बरगडी कधीही थेट कुकरमध्ये घालू नका, आतून गरम व्हायला फार वेळ लागतो.

दुपारी सॉस करा. अर्धा किलो टोमॅटो, एक कांदा आणि लसूण शिजवून वाटा. त्यात चार मोठे चमचे काकवी, दोन चमचे आगळ, तीन चमचे व्हिनेगर आणि मिरचीपूड घालून तो चमच्याला चिकटेल इतका आटवा. काकवी घाटावरून आलेली मिळाली तर फारच चांगली, साखरेला तो गडद रंग आणि किंचित कडवट चव नाही. गोव्याकडचं माडाचं व्हिनेगर मिळालं तर तेच घ्या.

शिजल्याची खूण अशी: हाडाच्या टोकाकडून मांस बोटभर मागे सरकलेलं दिसतं आणि चिमट्याने मधोमध उचललं की पट्टा वाकून वरून तडकतो. हाड आपोआप गळून पडत असेल तर वेळ जास्त झाला, पुढच्या खेपेस एक तास कमी करा. बाहेर काढताना खालून रुंद झारा लावा.

आता भाजणं, आणि ते वगळू नका. मी करवंट्या पेटवतो. ज्वाला पूर्ण विझून निखाऱ्यावर राख येईपर्यंत थांबायचं, करवंटीची आच फार कडक असते. बरगडीला सॉस लावून जाळीवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. काकवी पटकन करपते, म्हणून नजर हलवू नका. ओव्हन असेल तर वरच्या कॉइलखाली पाच-सात मिनिटं पुरतात.

कुकरातला रस गाळा, वरची चरबी काढा, चार चमचे उरलेल्या सॉसमध्ये घाला. सोबत घावणे आणि सोलकढी. उरलेलं मांस हाडावरून सोडवून दुसऱ्या दिवशी तव्यावर परता, थोडा सॉस घालून गरम घावण्यात गुंडाळा.