मुलांसाठी बीन बॅग घेताना

बीन बॅग दुकानात मऊ वाटते, पण घरी आणल्यावर मूल त्यात रुतून बसतं आणि उठताना हाका मारतं. म्हणून मुलाला सोबत न्या.

१. त्याला बसवा. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पाठीला आधार हवा आणि हात न देता उठता आलं पाहिजे. ‘मोठी घेऊ, वाढत्या वयाला होईल’ हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक, इथे नको.

२. चेन बघा. आत दाणे असतात ते थर्माकोलचे. लहान मूल ते सहज तोंडात किंवा नाकात घालतं. चेनला ओढायची पट्टी नसलेली, म्हणजे क्लिप अडकवल्याशिवाय न उघडणारी बॅग घ्या. आत दाण्यांची वेगळी पिशवी असेल तर उत्तमच, वरचं कव्हर धुताही येतं.

३. ऑनलाइन घेताना दाणे सोबत आहेत का ते वाचा. स्वस्त दिसणारं बऱ्याचदा नुसतं कव्हर असतं. दाणे भरायची वेळ आलीच तर पंखा बंद करा, नाहीतर आठवडाभर सोफ्याखालून वेचत बसाल.

तान्ह्या बाळाला मात्र यावर झोपवू नका. तोंड रुतून श्वास कोंडू शकतो.