हेअर रिग: आमिष गळाबाहेर ठेवा

कार्प माशासाठी कुठली रिग (गळ, दोरी आणि आमिषाची जोडणी) बांधू, असं कुणी विचारलं की मी हेअर रिगच सांगतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी ती तयार केली. त्याआधी गळ आमिषात खुपसायची पद्धत होती. या दोघांनी आमिष गळाबाहेर, सुरुवातीला चक्क माणसाच्या केसाला बांधून लोंबकळत ठेवलं. आता केसाच्या जागी दोरी आली, पण हेअर, म्हणजे केस, हे नाव तेच राहिलं.

ही रिग का चालते, ते आधी समजून घ्या. कार्पचे दात घशात असतात. तोंडापाशी ती खाणं नुसतं आत ओढते, चाचपते आणि नको असेल तर फुंकून बाहेर टाकते. आमिष गळात घट्ट बसलेलं असलं तर त्याच्यासोबत गळही निघून जातो. हेअरवर आमिष मोकळं असतं, गळाचं टोक उघडं असतं. फुंकताना ते खालच्या ओठात रुततं.

आता बांधणी. २५ पौंड ताण सोसणाऱ्या ब्रेडेड (विणलेल्या) दोरीचा हातभर तुकडा घ्या. एका टोकाला छोटा फासा करा. बॉइलीमधून (आमिष म्हणून वापरायची उकडलेल्या पिठाची गोळी) सुई आरपार घाला, सुईच्या आकड्यात फासा अडकवून तो बॉइलीतून ओढून घ्या आणि फाशात स्टॉपर (आमिष घसरू न देणारा छोटा अडसर) बसवा. १५ मिमीच्या बॉइलीला मी ६ नंबरचा गळ लावतो. मक्याचे दोन-तीन दाणे ओवायचे असतील तर ८ किंवा १० नंबर. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं.

दोरीचं मोकळं टोक गळाच्या भोकातून मागच्या बाजूने, म्हणजे गळाच्या टोकाच्या विरुद्ध बाजूने, ओवा. आता आमिष आणि गळाचा वाक यांत किती अंतर राहतं ते बघा. सगळी रिग या अंतरावर उभी आहे, इथे घाई करू नका. मी ५ ते १० मिमी ठेवतो. अंतर फारच कमी असेल तर आमिष गळाला चिकटून बसतं आणि हेअरचा उपयोगच उरत नाही.

अंतर ठरलं की हेअर दांड्यालगत धरा आणि लांब दोरीचे सात-आठ वेढे त्याच्यावरून वाकाच्या दिशेने घट्ट, शेजारी शेजारी घाला. मग दोरीचं तेच टोक पुन्हा भोकातून मागून पुढे काढा. ही दिशा चुकवू नका. दोरी गळाच्या टोकाच्या बाजूने बाहेर आली तरच ताण बसताना गळ आतल्या बाजूला वळतो. दोरी ओली करून ओढा. दुसऱ्या टोकाला, १५ ते २० सेंमीवर, स्विव्हल (गोल फिरणारी कडी) बांधा.

खात्री करायची तर रिग तळहातावर आडवी ठेवा आणि स्विव्हलकडून हळूच ओढा. गळाचं टोक वळून कातडीकडे झुकलं की बांधणी जमली. टोक अंगठ्याच्या नखावर ठेवून पाहा. ते घसरलं तर गळ बोथट आहे, तो बदला, मासा येण्याची वाट पाहू नका.

शिसं ६० ते ८५ ग्रॅमचं घ्या. टोचल्यावर कार्प दचकून पळते आणि त्या वजनाने गळ पक्का बसतो. मात्र शिसं मुख्य दोरीला कायमचं जखडू नका, सेफ्टी क्लिपमध्येच (शिसं अडकलं तर ते सोडून देणारी पकड) लावा. मुख्य दोरी तुटलीच तर मासा ते वजन ओढत फिरता कामा नये. टाकण्याआधी काठावरच क्लिप एका हातात धरून शिसं दुसऱ्या हाताने ओढा. ते सुटून येत नसेल तर क्लिपवरची रबरी नळी थोडी मागे सरकवा आणि पुन्हा ओढून बघा.