देवबागचा किनारा उपग्रहचित्रांवर मोजण्यापूर्वीची तयारी

मालवणजवळचे देवबाग एका बाजूला कर्ली नदीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. तिथली धूप उपग्रहचित्रांवरून ठरवायची असेल, तर किनाऱ्याची पहिली रेघ ओढण्याआधी तयारी पुरी असावी. इथे पंधरा मीटरांची चूक म्हणजे कोणाच्या तरी माडांच्या दोन रांगा असतात.

प्रथम चित्रांची निवड करावी. 1984 मध्ये सोडलेल्या लँडसॅट 5 या उपग्रहाच्या चित्रांत एक ठिपका जमिनीवरच्या 30 मीटरांचा असतो, तर 2015 पासूनच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या दृश्य प्रकाशातील चित्रांत 10 मीटरांचा. म्हणून जुन्या चित्राशी तुलना करताना 30 मीटरांहून कमी बदलाचा दावा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लँडसॅट 7 ची मे 2003 नंतरची चित्रे पट्ट्यापट्ट्यांनी रिकामी असतात, ती शक्यतो टाळावीत. जानेवारी 2022 च्या अखेरीपासून सेंटिनेल-2 च्या चित्रांतील प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात 1000 ची भर घातलेली असते. ती वजा केल्याशिवाय पाण्याचा निर्देशांक, म्हणजे पाणी आणि जमीन वेगळी दाखवणारा आकडा, काढू नये.

सर्व वर्षांची चित्रे एकाच ऋतूतली घ्यावीत. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि पुढच्या महिन्यांत तीच वाळू बरीचशी परत येते, त्यामुळे एका वर्षाचा ऑक्टोबर आणि दुसऱ्या वर्षाचा मे शेजारी ठेवल्यास नसलेली भर दिसते. फेब्रुवारी-मार्च योग्य; आकाशही तेव्हा निरभ्र असते.

त्यानंतर, आणि हेच सर्वाधिक वेळा राहून जाते, प्रत्येक चित्राच्या तारखेपुढे पंचांगातील तिथी लिहावी. हे उपग्रह कोकणावरून नेहमी सकाळी साधारण साडेदहा-अकराच्या सुमारास जातात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब इथे थेट उपयोगी पडतो: पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्या दिवशीचे चित्र उधाणाच्या भरतीचे, अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे अकराचे चित्र जवळजवळ ओहोटीचे. किनाऱ्याचा उतार चाळीसास एक असेल, तर पाणी एक मीटर चढल्याने पाण्याची कड 40 मीटर आत सरकते, आणि वाळूचा एक कणही न हलता चित्रावर मोठी धूप उमटते. तेव्हा एकाच तिथीच्या आसपासची चित्रे निवडावीत, आणि पाण्याची नेमकी उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांतून पडताळावी.

चित्रे एकमेकांवर नीट बसतात का, हे पाहण्यासाठी सिंधुदुर्ग किल्ल्याइतकी चांगली खूण नाही. समुद्रातल्या खडकावरचा तो तट दोन चित्रांत सरकलेला दिसला, तर चूक चित्राच्या जुळणीत आहे. ती दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नये.

पाण्याच्या कडेबरोबरच माड आणि सुरूच्या झाडांची समुद्राकडील कड स्वतंत्रपणे आखावी, कारण ती भरतीबरोबर हलत नाही. लाटांचा पांढरा फेस संगणक कधी कधी जमीन समजतो, म्हणून किमान नदीच्या मुखाजवळची रेघ डोळ्यांनी तपासावी.

शेवटी प्रत्यक्ष गावात जावे. एखाद्या जुन्या विहिरीच्या कठड्यापासून झाडांच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजावे, मोजल्याची तारीख, वेळ आणि तिथी वहीत नोंदवावी, आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांना पूर्वी होड्या कुठे ओढून ठेवत असत ते विचारून ती जागा जीपीएसवर घ्यावी.