हातकागदाचं चित्र: सगळी मेख चिकटवण्यात आहे

हाताने बनवलेल्या कागदाचे तुकडे कापून, फाडून आणि चिकटवून चित्र करायचं, तर कागद सुती चिंध्यांचा घ्या. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून असा कागद बनवण्याचं काम चालतं. डोंगरांना जाड कागद, ढगांना पातळ, आणि पाया, म्हणजे ज्यावर तुकडे चिकटवायचे तो कागद, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम). रंगीत कागदावर आधी ओला बोळा दाबून पाहा. रंग सुटला तर तो कागद बाजूला ठेवा.

कावळ्याची चोच कात्रीनेच कापा. धुक्यातला डोंगर मात्र फाडायचा. ओल्या ब्रशने रेघ ओढा, अर्धं मिनिट थांबा आणि कागद दोन्हीकडे हळू ओढा. कडेला तंतूंची पांढुरकी लव सुटते. सह्याद्रीवरचं आषाढी धुकं मला रंगाने कधी असं जमलेलं नाही.

आता चिकटवणं. ‘पांढरा गोंद लावा, वर पुस्तकं ठेवा’ हा सल्ला ऐकू नका. तो ऐकून मी एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घालवलं. रात्री सपाट असलेलं चित्र सकाळी पापडासारखं वळलं होतं, आणि डोंगराच्या लवेवर गोंदाची चकाकी आली होती.

कारण साधं आहे. कागद ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो आणि आकसताना पायाला ओढतो. गोंदाऐवजी मैद्याची खळ वापरा: एका वाटीला सहा वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गार करून गाळा. खळ टिकावी म्हणून पुस्तकं बांधणारे बाइंडर मोरचूद घालतात, तुम्ही घालू नका. ते विषारी असतं आणि पांढऱ्या कागदावर निळसर झाक देतं. दर दोन दिवसांनी ताजी खळ करा.

कापलेल्या किंवा फाडलेल्या आकाराच्या पाठीला मधून कडेकडे खळ लावा आणि तीन-चार मिनिटं तसाच राहू द्या. ही वाट पाहणं कुणीच सांगत नाही. कागद हातात पूर्ण फुगला, तर चिकटवल्यावर फुगे येत नाहीत. लवेला खळ नको, ती मोकळीच राहू दे. आकार बसला की लगेच पायाच्या पाठीवरही तेवढ्याच जाडीचा कागद त्याच खळीने लावा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पाया वळत नाही. याला पर्याय नाही, चित्र पोस्टकार्डाएवढं असलं तरी.

मग टीपकागदांत घालून फळीखाली रात्रभर ठेवा. पहिल्या तासाभरात टीपकागद एकदा बदला.

तयार चित्र स्कॅन केलं, तर स्कॅनरच्या झाकणाखाली लव चपटी होते. मी खिडकीशी, एका बाजूच्या उजेडात फोटो घेते; डोंगराची सावली ढगावर पडलेली दिसते.