मुलांना घेऊन रत्नागिरीला निघताय? आधी तिथी बघा

पुण्याहून कऱ्हाड, मलकापूर, आंबा घाट करत रत्नागिरीला जायचं तर पहाटे निघा. घाट दिवसाउजेडी उतरायला हवा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण तिथे धुकं दाट असतं. घाटाच्या आधी मुलाला पोटभर वडापाव देऊ नका, पण उपाशीही ठेवू नका. कोरडी चपाती किंवा खाकरा पुरतो. वळणं सुरू झाली की मोबाइल काढून घ्या, खिडकी थोडी उघडा आणि लांबचे डोंगर बघायला लावा. उलटीचं औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधीच द्या.

तारीख ठरवताना मात्र सुट्टीइतकंच तिथीकडेही बघा. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणून संध्याकाळी पाचनंतर भाट्याच्या किनाऱ्यावर लांबच लांब ओली वाळू मोकळी मिळते. किल्ले करायला, शंख-शिंपले वेचायला मुलांना याहून छान वेळ नाही. या तिथींना पाण्याची ओढ जोरदार असते, तेव्हा खेळ वाळूतच ठेवा. गणपतीपुळ्याला तर मुलांना पाण्यात उतरवूच नका, तो समुद्र धोक्याचा आहे.

दुपारच्या उन्हात थिबा राजवाडा किंवा मत्स्यालय बघा. मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा मुलं टक लावून बघतात.